बोट दाखवायचं नाही

पक्षी पाहायला निघताना लोक दुर्बीण घेतात. आमचे काकाजी पाण्याचा पितळी गुंड घेत. दुर्बीणही असायची, पण ती काकींच्या पिशवीत, पोळ्यांच्या डब्याखाली. ती बाहेर निघेपर्यंत पक्षी पुढच्या तलावावर पोचलेला असे. गुंड मात्र कायम काखेत. रविवारी पहिल्या गाडीसाठी आम्ही भंडाऱ्याच्या बसस्टँडवर जमलो की कंडक्टर हमखास विचारायचा, "काय काकाजी, कोणाच्या लग्नाले निंघाले?" काकाजींना ते ऐकू जात नसे. समोरच्याचे ओठ हलले म्हणजे काहीतरी विचारलं एवढंच त्यांना कळे, आणि कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "पाखरं पाहाले!" हे ते अशा आवाजात सांगत की स्टँडवर भरलेली कावळ्यांची शाळा त्या क्षणी सुटायची.

मी वर्ध्याहून बदली होऊन भंडाऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आले, ते सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. काकाजींच्या भांड्यांच्या दुकानामागची खोली मला भाड्याने मिळाली. हवेशीर खोली, दारात विहीर, भाडं बेताचं. एवढी चांगली खोली रिकामी कशी राहिली, हे दुसऱ्या दिवशी उजाडताच कळलं. भिंतीपलीकडे त्यांचा कारखाना होता आणि तिथे सकाळपासून पितळेवर हातोडे पडत. काकाजी त्या ठोक्यांतच लहानाचे मोठे झाले होते. वडिलांचा धंदा हाती आला तोवर कान हातचे गेले होते. जे काही थोडं उरलं होतं तेही हळूहळू जाईल, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. काकाजींना ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं, तेव्हा त्यांनी डॉक्टरांच्या अक्षराची तारीफ केली म्हणे.

मी ऑपरेटर. दिवसभर कानाला यंत्र लावून बसायचं, आवाजावरून माणूस ओळखायचा. एकदा विहिरीवर मी काकींना सहज म्हटलं, "आज कोपऱ्यातले कारागीर आले नाहीत वाटतं, त्यांचा हात ऐकू आला नाही." काकींनी ती गोष्ट काकाजींच्या कानात ओरडून सांगितली. ते दुकानातून उठून मागे आले आणि एखादं भांडं पारखावं तसं माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "टेलिफोनबाई, तुमचे कान एक्स्चेंजमंधी फुकट चालले. आयतवारी आमच्यासंगं चाला." मी नाही म्हटलं. तेही त्यांना ऐकू गेलं नाही. रविवारी पहाटे काकी दारात डबा घेऊन उभ्या होत्या, आणि त्यानंतर भंडाऱ्यात होते तोवर माझा एकही रविवार माझा राहिला नाही.

बहिऱ्या माणसाला पक्ष्यांचा नाद कसा, हा प्रश्न मलाही पडला होता. काकींनी सांगितलं. लहानपणी ते वडिलांबरोबर बैलगाडीतून भांडी घेऊन सिहोरा, आंधळगाव अशा गावांच्या बाजारांना जात. भांड्यांत अंग मुडपून झोपत. पहाटे एखाद्या तलावाजवळून गाडी जाताना सारसांची जोडी ओरडे आणि हे खडबडून उठत. पुढे एकेक आवाज त्यांच्यापुरता बंद होत गेला. आधी चिमण्या गेल्या, मग कोकीळ, मग टिटवी. सारसाचा आवाज म्हणजे रणशिंगच, नर आणि मादी मिळून माना वर करून ओरडतात तेव्हा चार शेतं पलीकडचा माणूस वळून बघतो. तो तेवढा त्यांना ऐकू येई. "बाकी सारे मुके झाले," ते म्हणत. "थो एकटा बोलते माह्यासंगं." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख वगैरे काही नसे. उलट थोडी ऐटच असे, मोठ्या माणसाशी आपली ओळख आहे असं सांगताना असते तशी.

सारस आणखी नीट ऐकू यावा म्हणून त्यांनी स्वतः एक कर्णा घडवला होता. पितळेच्या पातळ पत्र्याचा, एका टोकाला कानात बसेल एवढा, दुसऱ्या टोकाला ताटाएवढा पसरलेला. तो सुतळीने गळ्यात अडकवलेला असे. पांढऱ्या रंगाला पाखरं बुजतात म्हणून त्यांनी आपली सगळी धोतरं, सदरे आणि टोप्या काताच्या पाण्यात बुडवून मातकट करून टाकल्या होत्या. एकदा काकींचं एक लुगडंही त्या घमेल्यात गेलं. त्यावर आठवडाभर घरात जे बोलणं झालं, ते सारसाच्या तोडीचं असल्यामुळे काकाजींना ऐकू गेलं.

गुंडाचं काम वेगळंच होतं. बाकीच्या पक्ष्यांसाठी ते माझे कान वापरत. तलावाच्या पाळीवर आम्ही बसलो की गुंड आमच्या मध्ये. त्यांचा तळवा गुंडाच्या पोटावर. कुठे टिटवी बोलली की मी नखांनी गुंडाच्या गळ्यावर तिची लय वाजवायची. खंड्या असेल तर एकच लांबलचक कडकडाट. अडई बदकांचा थवा शीळ घालत गेला तर बोटाचं पेर हलकेच फिरवायचं. पितळ त्यांना सगळं सांगे. डोळे मिटून ते ओळखत आणि हनुवटी हलवत. त्यासाठी गुंड अर्धा भरलेला लागे. भरलेला गुंड बोलत नाही आणि रिकामा फार बोलतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे उन्हाळ्यात तहानेने जीव गेला तरी अर्ध्याखाली पाणी प्यायची कोणाची टाप नव्हती.

आमच्या मंडळाला नाव नव्हतं. प्राणिशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक आमच्यात होते, त्यांची फार इच्छा होती की नाव असावं, शिक्का असावा. काकाजी म्हणाले, "नाव ठेवलं का अध्यक्ष लागते. अध्यक्ष आला का भांडण आलं. भांडण आपल्याले घरीच भेटते, त्यासाठी सिहोऱ्याले काहून जायचं?" तर असं ते बिननावाचं मंडळ. काकाजी, काकी, प्राध्यापक, मी, आणि ज्या रविवारी जे येतील ते.

नियम मात्र होते. पहिला नियम, बोट दाखवायचं नाही. वेलीवरच्या कोवळ्या कोहळ्याला बोट दाखवलं तर ते सडून गळतं, हे आपल्याकडे घराघरात सांगतात. काकाजींनी तो नियम पाखरांना लावला होता. अंडं कोवळं, पिल्लू कोवळं, घरटं कोवळं. आणि जे दुरून नीट दिसत नाही ते कोवळं असेलच असं धरून चालायचं. त्यामुळे आम्ही सगळे हात मागे बांधून हिंडायचो आणि पक्षी दिसला की त्याचा पत्ता सांगायचो. "सर, ते वाकलेलं येनाचं झाड, त्याच्या डावीकडची सुकी फांदी, तिच्या खाली पाण्यात जो दगड आहे, त्याच्या मागे..." पत्ता पुरा होईतो पक्षी उडालेला असे. प्राध्यापक वैतागत. बोटाचा आणि फळ सडण्याचा काही संबंध नाही, हे ते शास्त्राच्या आधाराने समजावू लागले, की काकाजी त्यांच्या ओठांकडे आदराने बघत आणि शेवटी म्हणत, "तुमचं सायन्स खरं हाये, सर. पण बोट खाली घ्या." खरं सांगायचं तर त्या पत्ते सांगण्याने आम्हाला झाडं ओळखता आली, पाणवनस्पती कळल्या, तलाव पाठ झाले.

दुसरा नियम, पाखराला पाठ दाखवायची नाही. आलात तर समोरून या, जायचं असेल तर मागे पाय टाकत जा. "थो आपल्याले पाहून राहिला अन् आपण पाठ करून चाललो, हे काही बरं दिसत नाही," असं त्यांचं कारण. जो नियम मोडेल त्याने परतीच्या वाटेवर गुंड काठोकाठ भरून डोक्यावर घ्यायचा. प्राध्यापकांच्या डोक्यावर तो इतक्यांदा चढला की त्यांनी पिशवीत चुंबळ ठेवायला सुरुवात केली.

हिवाळ्यात आम्ही बदकं पाहायचो. उन्हाळ्यात तलाव आटले की काठावरची बेशरम उपटायचो. बेशरम म्हणजे ती जांभळ्या फुलांची, कुठेही माजणारी झाडी, ती तलाव गिळत जाते. आंधळगावच्या बाजूला एका तलावात आम्ही ती उपटत होतो, तेव्हा गावातले लोक पाळीवर येऊन बसले.

"कोणी सांगतलं तुमाले हे काम?" एकाने विचारलं.

"कोणीच नाही," मी म्हटलं.

"मंग कायले करून राहिले, बाई?"

उत्तर काकाजींनी दिलं. "पाखरं पाहाले!"

ते लोक एकदा बेशरमीकडे आणि एकदा काकाजींकडे बघत राहिले. पुढच्या रविवारी त्यांतले काही जण विळे घेऊन आले. समजलं काही नसावं, पण म्हातारा एकटाच चिखलात उभा आहे हे त्यांना बघवलं नाही. कधी कधी दिवसभर हिंडून एकही पक्षी दिसत नसे. आम्ही हिरमुसले होऊन गाडीत बसलो की काकाजी सगळ्यांना दिलासा देत. "आज त्यायनं आपल्याले पाहिलं. झालं ना काम."

आता सारसाची गोष्ट.

सिहोऱ्याकडच्या एका तलावावर सारसांची एक जोडी होती. आमच्या फिरण्याच्या टापूत तेवढीच. एका पावसाळ्यात त्यांचं घरटं कोणीतरी मोडलं, अंडी नाल्यात फेकली. कारण साधं होतं. सारस भर धानात घरटं करतो, आणि त्यासाठी रोवलेलं धानच उपटून त्याचा ढीग घालतो. शेतकऱ्याच्या पोटावर पाय येतो तो. घरटं मोडल्यावर ती जोडी कुठे गेली कळलं नाही. तो सगळा हिवाळा काकाजी कर्णा कानाला लावून पाळीवर बसले आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही. नागपूरच्या डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन आले. घरी आल्यावर काकींनी मला एवढंच सांगितलं, "डॉक्टर म्हणते, यंदाचं साल ऐकतील तेवढं ऐकतील." त्या हिवाळ्यात मी गुंड फार हळू वाजवत असे.

पुढच्या पावसाळ्यात, ऑगस्टात, नेहमीचा कंडक्टर दुकानात धावत आला. लग्नाची थट्टा विसरून तो काकाजींच्या कानाशी ओरडला, "जोडी आली, काकाजी! सिहोऱ्याच्या अलीकडे, भागरताबाईच्या बांधीत बसली. पण थे बाई लय तापली हाये. अंडे फेकतो म्हणते!" बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेला धानाचा तुकडा. काकाजींना 'जोडी' एवढंच कळलं असावं, पण ते पुरेसं होतं. तो वार रविवार नव्हता. मी ड्यूटी बदलून घेतली, प्राध्यापकांनी कॉलेजला दांडी मारली.

बांधीच्या धुऱ्यावर पोचलो तेव्हा सारस उभा होता, माणसाच्या खांद्याला लागेल असा, लाल मानेचा. आणि मादी धानातल्या ढिगावर बसलेली. काकाजींनी लांबच थांबून नमस्कार केला, कर्णा उचलला आणि कानाला लावून त्या दिशेने धरला.

दुरून बघणाऱ्याला वाटावं की माणूस एखाद्या यंत्राने जमीन मोजतो आहे. त्या वर्षी कालवा निघणार, जमिनी जाणार अशी आवई त्या भागात उठलेली होतीच. पाहता पाहता निंदण करणारे लोक विळे घेऊन गोळा झाले. "मोजणीवाले आले! मोजणीवाले आले!" सगळ्यांच्या पुढे भागरताबाई. कासोटा घट्ट, हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले. तिचे यजमान दुलीचंदभाऊ मागून, शांतपणे.

"कोणाले इचारून मोजून राहिले, वो?" ती ओरडली.

काकाजींची पाठ तिच्याकडे. त्यांना जगाची खबर नाही. मी समजावू लागले की हे मोजणीचं नाही, हे ऐकायचं आहे. "शेत आयकाले आले का?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं आणि लोक आणखी भडकले. प्राध्यापकांनी शास्त्रीय माहिती सुरू केली, तेव्हा कोणीतरी त्यांची कॉलर धरली. भागरताबाईने सरळ जाऊन काकाजींच्या हातातला कर्णा हिसकला.

काकाजी वळले. समोर लालबुंद झालेली बाई, मागे विळेवाले. त्यांनी काय करावं? हसले. कर्ण्याचं बारीक टोक त्यांनी हळूच तिच्या कानाकडे वळवलं आणि 'थांबा' अशी मान हलवली. आणि त्याच क्षणी, इतक्या गलबल्याने चिडून असेल, नराने चोच आभाळाकडे केली, मादी उठून उभी राहिली आणि दोघं एकदम ओरडले.

भागरताबाईच्या हातून कर्णा चिखलात पडला. "माय वो!" ती कान धरून खाली बसली. "अख्खा बाजा घुसला ना कानात!" आधी दुलीचंदभाऊ हसले, मग सगळेच. मग जो तो कर्णा मागू लागला. प्राध्यापकांची कॉलर सोडून तो माणूसही रांगेत उभा राहिला. काकाजींनी कर्णा काताच्या धोतराने पुसला आणि एकेकाच्या कानाला लावून दिला.

पण भागरताबाई अशी सहज ऐकणारी नव्हती. "आयकणं झालं," ती म्हणाली. "माह्या धानाचं काय? पाह्या, केवढा चकदा उपटला. हे काय खाईन मी, बाजा?" ते मी गुंडावर नाही, काकाजींच्या कानात सांगितलं. त्यांनी उपटलेल्या जागेकडे पाहिलं. "परे उरले हायेत का?" परे म्हणजे रोवायची रोपं. बाई म्हणाली, आहेत, काठाला. "मंग आमी रोवून देतो. जेवढं थो उपटंल, तेवढं आमी रोवू. पिल्लू उडेपर्यंत."

"तुमी? रोवाल?" तिने आमच्या चपलांकडे बघून विचारलं.

रविवारी आम्ही रोवायला उतरलो. गावातल्या बाया धुऱ्यावर रांगेने बसल्या होत्या, जशा काही दंडारीचा खेळ बघायला आल्या. रोवणा करणारा माणूस वाकून उलट्या पावलांनी मागे सरकत जातो, म्हणजे रोवलेलं समोर राहतं. भागरताबाईने आम्हाला ते धुऱ्यापासून सुरू करून दिलं. पण तसं मागे सरकलं की पाठ घरट्याकडे होत होती. पाखराला पाठ दाखवायची नाही! आम्ही सगळे न बोलता वळलो, तोंड घरट्याकडे केलं आणि रोवत रोवत पुढे चालू लागलो. जे रोवलं ते पुढच्या पावलाखाली, त्याच्या पुढचं त्याच्या पुढच्या पावलाखाली. दुपारपर्यंत आमची सगळी मेहनत पाण्यावर तरंगायला लागली. बाया हसून हसून आडव्या झाल्या. भागरताबाई मात्र हसत नव्हती. "आजच्या दिवस पाह्यतो," ती मला म्हणाली. "नाई जमलं तं मी अंडे काढतो. सांगून ठेवा तुमच्या म्हाताऱ्याले."

मी सांगितलं. काकाजी कंबर धरून उभे राहिले. तरंगणाऱ्या रोपांकडे, मग घरट्याकडे बघत राहिले. मग रोपांची जुडी काखेत मारून ते बांधीच्या कडेकडेने चालत घरट्याच्या बाजूला गेले. नराने पंख उघडले, मान खाली करून दोन पावलं त्यांच्यावर चालून आला. धुऱ्यावरचं हसू थांबलं. "खालच्या पोटात चोच मारते वो तो, मांगं या!" दुलीचंदभाऊ ओरडले. काकाजींना कुठलं ऐकू येतंय? ते जागच्या जागी उभे राहिले, हात मागे, मान किंचित झुकवून. नर थांबला. काकाजी वाकले, घरट्याकडे तोंड करून पहिलं रोप रोवलं, एक पाऊल मागे, दुसरं रोप, एक पाऊल मागे. घरट्याकडून धुऱ्याकडे. तोंड पाखराकडे, रोवलेलं समोर, पाय मागे. पाखराचा आणि रोवण्याचा, दोन्ही नियम एकदम पाळले जात होते! आणि माणूस दूर दूर जातो आहे हे बघून मादी पुन्हा अंड्यांवर बसली.

आम्ही ओरडलो नाही एवढंच. भागरताबाई पदर खोचून उठली आणि तिच्या मागे धुऱ्यावरच्या सगळ्या बाया बांधीत उतरल्या. सूर्य मावळायच्या आत चकदा हिरवा झाला.

त्यानंतरचे रविवार तिथेच. सारस उपटत होता, आम्ही रोवत होतो. पुढे भागरताबाई आमची वाटही बघेनाशी झाली, आधीच रोवून ठेवायची आणि वर आम्हालाच रागवायची, उशीर केला म्हणून. एक दिवस कंडक्टर निरोप घेऊन आला. "बाईनं सांगतलं, पितळवाल्याले म्हणा, पोट्टं निंघालं!" दोन अंड्यांतलं एकच फुटलं होतं. तांबूस, ओल्या कापसासारखं पिल्लू. आम्ही गेलो तेव्हा भागरताबाई आपल्या नातवंडांच्या हातांवर चापट्या मारत होती. "बोट नोको दाखवू! कोवळं हाये!" प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

कापणी आली तेव्हा तिने घरट्याभोवतीचा धान शेवटपर्यंत उभा ठेवला आणि बोडीकडे, म्हणजे शेतालगतच्या लहान तळ्याकडे, जायला त्या तिघांना वाट सोडली. कुत्री हाकलायला दुलीचंदभाऊ काठी घेऊन तिथेच झोपू लागले. इकडे काकाजींचे कान मात्र झपाट्याने उतरत होते. दिवाळीपर्यंत काकींचं ओरडणंही पोचेनासं झालं. ते कर्णा गळ्यात घालत, पण कानाला लावणं टाळत. लावला आणि काहीच आलं नाही तर? ही भीती ते बोलले नाहीत, पण ती आम्हा सगळ्यांना दिसत होती. काकी तर म्हणाल्या, "आता नका नेऊ त्यायले. न जाता राहिले तं आस तरी राहील." काकाजी ऐकतात थोडेच! संक्रांतीच्या सुमाराला सगळं मंडळ सिहोऱ्याच्या गाडीत बसलं.

थंडीचे दिवस, तलावावर धुकं. कापलेल्या बांध्यांत लाखोळीचं पीक हिरवंगार. पाळीवर आम्ही बसलो, आमच्याबरोबर अर्धं गाव. तिघंही लाखोळीत चरत होती, पिल्लू आता आईबापांच्या खांद्याला लागलेलं, डोकं अजून तांबूस. काकाजींनी कर्णा गळ्यातून काढला आणि भागरताबाईच्या हातात दिला. "तुमी ठेवा. माह्या कामाचा नाई राहिला." तिने तो दोन्ही हातांनी घेतला. त्यांनी तळवा गुंडावर ठेवला, म्हणजे आता सारसही माझ्याकडूनच ऐकायचा. माझे डोळे भरून आले. हे वाजवायचं कसं, ते मला येत नव्हतं.

पिल्लू धावायला लागलं. लांब टांगा टाकत, पंख पसरून, धुरा ओलांडून. एकदा पाय सुटले, पुन्हा टेकले. मग टेकलेच नाहीत. ते उठलं, आमच्या डोक्यावरून तलावाकडे वळलं, आणि खाली दोघांनी माना आभाळाला लावून अशी तुतारी फुंकली की पाण्यावरचा अडईचा थवा उठला. मी गुंडाकडे हात नेला.

काकाजींचा तळवा तिथे नव्हता. ते उभे राहिले होते. हात आभाळाकडे गेलेला आणि तर्जनी ताठ, थेट पिल्लावर रोखलेली.

"काकाजी, बोट!" प्राध्यापक किंचाळले. पोरांनी तोंडावर हात धरले.

"आता कोवळं नाई राहिलं, सर!" सर काय म्हणणार हे न ऐकताच ठाऊक असल्यासारखे काकाजी गरजले. हात खाली घेतला नाही. पिल्लू तलावावरून वळेल तसं बोट वळत होतं. "पाह्या! पाह्या ना! मस्त दाखवा बोटं!" आणि पाळीवरच्या सगळ्यांचे हात वर गेले, भागरताबाईचा, तिच्या नातवंडांचा, काकींचा, माझा. आमचे तर इतकी वर्षं मागे बांधलेले हात होते ते. खाली जोडी पुन्हा पुन्हा ओरडली आणि काकाजींनी तेवढ्याच वेळा मान हलवली, माझ्याकडे न बघता, गुंडाला हात न लावता. कर्णा तर बाईच्या पोटाशी होता.

भागरताबाईने डोळे पुसले, गुंड उचलला, तलावात काठोकाठ बुडवला आणि आणून त्यांच्यासमोर उभी राहिली. "दंड तं दंड," ती म्हणाली. प्राध्यापकांनी मोठ्या आनंदाने आपली चुंबळ काढून दिली.

तो भरलेला गुंड डोक्यावर घेऊन काकाजी पाळीवरून सडकेपर्यंत चालत आले, मागे अख्खं गाव, हिंदकळणारं पाणी मातकट सदऱ्यावर ओघळतंय, थंडीने दात वाजतायत आणि चेहऱ्यावर नवऱ्या मुलाचं तेज. परतीच्या गाडीला आमचाच कंडक्टर होता. त्या नखशिखांत भिजलेल्या म्हाताऱ्याकडे बघून त्याने सवयीने विचारलं, "काय काकाजी, कोणाच्या लग्नाले गेले होते?"

त्यांना ते ऐकू गेलं नाही. पण ओठ हललेले त्यांनी पाहिले आणि नेहमीच्याच त्या आवाजात, अख्खी गाडी मागे वळेल असं, उत्तर दिलं. फक्त उत्तर नेहमीचं नव्हतं.

"पाखरू आयकून आलो!"